केराबाईची भुई

लग्न होऊन आल्यापासून केराबाईचं घर घोडीच्या पाठीवर होतं. तवा, परात, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी, आणि लेकी लहान होत्या तेव्हा त्याही, सगळं त्या एका पाठीवर बांधायचं आणि दिवाळी झाली की मेंढरांमागं घाटाच्या वाटेला लागायचं. मृगाच्या आधी परत यायचं. परत येऊन तरी काय, कुणाच्या तरी रानात पालच ठोकायचं. मुक्काम पडला की तीन दगड मांडायचे, त्यांवर भाकरी भाजायची आणि सकाळी ते दगड तिथंच टाकून पुढं निघायचं. त्या टाकलेल्या दगडांचं केराबाईला फार वाईट वाटायचं. आता असल्या गोष्टीचं कुणी वाईट वाटून घेतं का? पण ती घ्यायची. एकदा एक चांगला बसका दगड तिनं गुपचूप घोडीवर लादला होता. तिच्या नवऱ्यानं, ज्ञानबानं, एक अक्षर न बोलता तो वाटेत उतरवून ठेवला. ज्ञानबा तसा कधी बोलायचाच नाही. दोन लेकी लग्न होऊन गेल्या, तरी त्याचं बोलणं काही वाढलं नाही.

तर केराबाईला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. आज पेटवलेली चूल उद्या सकाळी तिथंच असावी. आणि लोकांनी म्हणावं, ते बघा केराबाईचं घर.

ते घर तिनं बघूनही ठेवलं होतं. वैरागच्या अलीकडं सिद्रामप्पा नावाच्या सोलापूरच्या व्यापाऱ्याची जमीन होती आणि जमिनीच्या मधोमध त्यांच्या वडिलांनी बांधलेलं दगडी घर होतं. पूर्वी हुरड्याच्या दिवसांत त्यांचं सगळं गणगोत बैलगाड्या जुंपून तिथं यायचं, आठ-पंधरा दिवस राहायचं, नुसता कल्ला असायचा. पुढं म्हातारी माणसं गेली, पोरं शहरात कापडाच्या धंद्याला लागली आणि घर ओस पडलं. माळवदावर, म्हणजे वरच्या पांढऱ्या मातीच्या छपरावर, गवत उगवलं. एका वर्षी मेंढरं त्या रानात बसवलेली असताना गारांचा पाऊस आला आणि केराबाई कोकरं पदराखाली घेऊन त्या घरात शिरली. आत पाकोळ्यांची घाण, घुशींनी भुई उकरलेली, तुळईला मोहळ. तिला मात्र त्यातलं काही दिसलंच नाही. वरच्या उजेडाच्या भोकातून खाली पडलेला चौकोनी उजेड तेवढा तिनं बघितला, आणि इथं आपली चूल मांडायची हे तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

त्यानंतर तिनं नवऱ्याच्या मागं भुणभुण लावली. वर्षानुवर्षं लावली. अखेर सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या दुसऱ्या साली सिद्रामप्पा स्वतःच म्हणाले, घर पडून पडून मातीत चाललंय, तुमी राहा, नीटनेटकं करून घ्या, आणि दरसाल तुमची मेंढरं आधी माझ्या रानात खताला बसवा. एवढाच व्यवहार. केराबाईनं त्या दिवशी बिरोबाला भंडारा उधळला आणि स्वतःच्याही कपाळाला बचकभर फासला.

आणि मग दिवाळी आली.

ज्ञानबाचा धाकटा भाऊ धुळा, त्याची बायको चिमाबाई. चिमाबाईचे दिवस भरत आलेले. तिला घाटाच्या वाटेवर कसं न्यायचं? ज्ञानबानं घोडीचा पट्टा आवळता आवळता सांगून टाकलं की धुळा आणि चिमा हितंच राहतील, घर दुरुस्त करतील, आपण दोघं मेंढरं घेऊन जाऊ. झालं. इतकी वर्षं भुणभुण केली केराबाईनं, आणि घर कुणाला? तर काल लग्न होऊन आलेल्या त्या पोरीला! केराबाईला बोलायचं पुष्कळ होतं, पण गरोदर बाईवर जळायचं कसं, तेही चारचौघांत? ती गप्प घोडीमागं चालू लागली. पुढचे सहा-सात महिने तिनं डोंगर बघितले नाहीत की नद्या बघितल्या नाहीत. चालता चालता ती मनानं त्या घरातच वावरत होती. आज तुळई बसवली असेल. आज कोनाडे लिंपले असतील. माझ्या चुलीची जागा तिनं हेरली नसली म्हणजे मिळवली.

अक्षय तृतीया होऊन गेल्यावर मेंढरं परत आली. लांबून माळवद दिसलं, गवत काढून नवी पांढरी माती घातलेलं, उन्हात लख्ख. दाराच्या पितळी फुल्या चिंचेनं घासलेल्या. अंगणात सडा. चिमाबाई कडेवर पोरगी घेऊन दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि आक्का, आक्का करत जावेला हाताला धरून आत नेलं. आणि कुठं नेलं? तर चुलीपाशी. चूल बरोबर त्या उजेडाच्या भोकाखाली होती. चौकोनी उजेड चुलीच्या पुढ्यात पडला होता आणि चिमाबाई हौसेनं सांगत होती की पहिल्या दिवशी दूध उतू घातलं ते असं पूर्वेकडं गेलं, लई शकुनाचं.

केराबाईला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझा उजेड! कुणालाही न सांगितलेला माझा उजेड, तोसुद्धा हिनं बरोबर शोधून काढला! आता धूर वर जायला भोक पाहिजे, तेव्हा चूल कुणीही त्याच्याखालीच मांडणार, एवढं तिला कळत नव्हतं असं नाही. पण जळणाऱ्या माणसाला कळलेलं उपयोगी पडत नाही. तिनं चूल बघितली, शेजारच्या वैलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बरी हाय की, जरा तिरकी झालीय. चूल अजिबात तिरकी नव्हती.

मग रोजच सुरू झालं. चिमाबाईनं भाकरी वाढली की केराबाईला वाटायचं, ही पाहुणी समजून वाढते. नाही वाढली की वाटायचं, बघा, मालकीण झाली, आता आपल्याला घ्यायला सांगते. चिमाबाई विचारायची, आक्का, उतरंड कुटं लावू? लावून झालेली उतरंड ही आता कशाला विचारते, म्हणून केराबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वैरागच्या बायका. पाण्याला गेलं, बाजाराला गेलं, की कुणीतरी हटकून म्हणायचंच, चिमाबाईच्या घरातल्या ना तुमी? पाटलांच्या दगडाबाईनं तर एकदा तोंडावर विचारलं, चिमाबाईकडं किती दिवस राहणार? केराबाई मोठी जाऊ! मेंढरांची निम्मी लोकर तिच्या हातची! ती घरी आली आणि दिवसभर एकटीच एका कोकरावर ओरडत बसली.

एका गोष्टीनं मात्र तिला आतून गारवा मिळत होता. सोप्याची भुई जमत नव्हती.

घराचा पुढचा मोठा सोपा, जिथं चार पाहुणे बसायचे, त्याची जमीन घुशींनी खालून पोखरलेली होती. चिमाबाईनं आणि धुळानं ती सगळी खणून काढली, बिळं दगडांनी बुजवली, मुरूम घातला, वर माती घातली, पाणी मारलं, धुम्मस आपटून आपटून दाबली, शेणानं सारवली. वाळली आणि तडकली. पुन्हा उकरली, पुन्हा भरली. पुन्हा तडकली, वर पोपडे धरले, पाऊल टाकलं की धुरळा. धुळाच्या हाताला फोड आले. चिमाबाई पोरीला झोळीत टाकून सोप्यात उकिडवी बसायची आणि त्या भेगांकडं बघत राहायची. केराबाई दारातून हळहळायची, पण ते तोंडदेखलं. तडकू दे म्हणावं. एक तरी गोष्ट हिला जमत नाही हे जगाला दिसू दे.

घरभरणी ठरली होती. येत्या रविवारी बिरोबाचे ढोल लागणार, वैरागच्या बायका जेवायला येणार आणि त्या सोप्यातच बसणार. म्हणून तिसऱ्यांदा भुई भरली. या खेपेला माती दोन दिवस भिजवली, चांगली वीतभर जाड पसरली, फळीनं सारखी केली. आता जरा आंबट-ओली झाली की चोपायची. त्यात आला बाजाराचा दिवस. गूळ, डाळ, खोबरं, भंडारा, सगळंच आणायचं होतं. दोघं भाऊ निघाले, पोरीला पाठीशी बांधून चिमाबाईही निघाली. गुडघा दुखतोय म्हणून केराबाई मेंढरांपाशी थांबली. जाता जाता चिमाबाईनं सोप्याच्या दाराला आतून कडी घातली, भिंतीकडेनं पाय जपत स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर आली आणि जावेला म्हणाली,

"आक्का, तेवढं मेंढरांवर ध्यान ठेवा हं. भुईवर गेली तर समदं मुसळ केरात."

बस्स. एवढंच म्हणाली बिचारी. पण कुणाला म्हणाली? केराबाईला! मेंढरांवर ध्यान ठेवा! चालायला लागली तेव्हापासून जी मेंढरांमागंच आहे, अंधारात नुसत्या खोकल्यावरून जी कुठली मेंढी ते ओळखते, तिला ही शिकवणार मेंढरांवर ध्यान ठेवायला! केराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटेवरचा धुरळा खाली बसेपर्यंत ती बाभळीखाली उभी राहिली. मग गुडघा बिडघा सगळं विसरून ताडताड मागच्या दारानं आत गेली, सोप्याच्या भिंतीकडेनं ओल्या मातीत पाय बुडवत गेली आणि तिनं पुढच्या दाराची कडी काढली.

तिला वाटलं होतं, दार उघडं टाकलं की पुरे. बाकी मेंढरं बघून घेतील, आपल्याला काही करायला नको. पण मेंढरं घरात कशाला येतात? त्यांनी जन्मात घर बघितलेलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशी गोळा झाली, आतल्या अंधाराकडं बघत राहिली आणि एकही पाय पुढं टाकीना. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं. पण केराबाई आता हट्टाला पेटली होती. तिनं पदरात शेंगा घेतल्या, आत उभी राहिली आणि म्होरक्या मेंढीला नावानं हाक मारली. ये गं काजळे. काजळीनं तिच्याकडं बघितलं, विचार केला आणि उंबरा ओलांडला. काजळी गेली म्हटल्यावर मागचं सगळं खांड धडाधड आत आलं.

सोपा गच्च भरला. आतलं दार केराबाईनं लावून घेतलं होतं, पुढच्या दारातून नवी मेंढरं घुसत होती, त्यामुळं आतली गोल फिरायला लागली. आणि त्यांच्या मधोमध केराबाई. तिलाही थांबता येईना, तीही त्यांच्याबरोबर फिरायला लागली. चिखल घोट्यापर्यंत. लोकरीचा, लेंड्यांचा, घामाचा ओळखीचा वास त्या दगडी भिंतींमध्ये पहिल्यांदा भरला. आणि काय सांगावं, त्या बाईला आनंद झाला! घर मिळालं तेव्हापासून झाला नव्हता एवढा. आता हे माझं घर वाटतंय, असं ती मोठ्यानं म्हणाली. ऊन चांगलं कलेपर्यंत तो धुडगूस चालला.

मग मेंढरं दमली, तीही दमली. हाकलून बाहेर काढली आणि तिनं मागं वळून बघितलं. फळीनं सारखी केलेली भुई कुठं होती? नुसती खुरंच खुरं, लेंड्या, मूत, काला झालेला. तडाक्यात केलं, आता काय? फळी फिरवावी का, पाणी मारावं का, तिला काही सुचेना. ती बाहेर येऊन बाभळीखाली बसली आणि बाजारकरी येईपर्यंत उठलीच नाही.

आले. केराबाईनं सांगून टाकलं की मेंढरांनी ढुशा दिल्या, दार उघडलं, गुडघ्यामुळं मला धावता आलं न्हाय. धुळा डोक्याला हात लावून अंगणातच बसला. ज्ञानबा सोप्यात डोकावला, बायकोच्या पायांकडं बघितलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता, आणि तो मेंढरांकडं निघून गेला. चिमाबाई दारापाशी गेली. कडीला हात लावून तिनं ती एकदा वर-खाली केली. केराबाई वाट बघत होती की आता ही ओरडेल, रडेल, मग आपणही चार शब्द सुनावू. चिमाबाई रडली खरी, पण आवाज न करता, पोरीला पाजता पाजता. आता पुन्हा उकरायला दिवस कुठं होते? दुसऱ्या दिवशी खुरांचे खड्डे वरवर फळीनं पुसून तिनं त्यावर शेणाचा हात फिरवला आणि सोडून दिलं. बायका आल्या की वर घोंगड्या अंथरू, म्हणाली.

वैशाखातलं ऊन. भुई वाळत गेली. केराबाई येता-जाता चोरून बघायची. एक दिवस गेला, भेग नाही. दुसरा गेला, भेग नाही. शनिवारी संध्याकाळी तिनं कुणी नाही असं बघून टाच आपटली तर टाच दुखली. धुरळ्याचा कण उडाला नाही.

आणि तेव्हा तिला आठवलं, आणि आठवल्यावर तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली नाही एवढंच. शेतकरी दरसाल काय बोंब मारतात? जिथं मेंढरांची वाघर असते, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, तिथली जमीन पुढं नांगराला दाद देत नाही. मेंढरांच्या बारीक खुरांनी दाबलेली, लेंड्या-मुतानं मुरलेली जमीन दगडासारखी होते. आयुष्यभर हे तिच्या पायाखाली होतं. वाघरीच्या जागेवर पालाची खुंटी ठोकताना तिनं स्वतः किती वेळा शिव्या घातल्या होत्या. पण जावेचं वाटोळं करायच्या नादात तेवढंच नेमकं विसरली. धनगराची बाई, आणि विसरली काय, तर मेंढराचं खूर! वाटोळं करायला गेली आणि तिनं जावेला उभ्या वैरागात नसेल अशी भुई करून दिली.

रविवारी ढोल लागले. चिमाबाईनं पाण्याची घागर मोठ्या जावेच्या डोक्यावर ठेवली, पहिलं पाऊल तुमचं म्हणाली, आणि केराबाई उंबरा ओलांडून त्या भुईवर आली. बायका जमल्या. घोंगड्या कमी पडल्या तशी दगडाबाई पाटलीण खालीच टेकली, हात भुईवर ठेवला, पुन्हा ठेवला, बोटानं ठोकून बघितलं आणि म्हणाली की अगं बाई, ही कसली भुई म्हणायची! आमच्या वाड्यात शहाबादी फरशी हाय, तीसुद्धा इतकी सारखी न्हाय. मग सगळ्याच बायका भुईला हात लावून बघायला लागल्या. चिमाबाई, कशी केलीस गं? चिमाबाई, काय घातलंस मातीत?

केराबाई कोपऱ्यात वरण वाढत उभी होती. तिची जीभ नुसती वळवळत होती. मी केली! माझ्या मेंढरांनी केली! चिमीनं केलेली दोनदा तडकली होती, विचारा तिच्या नवऱ्याला! पण बोलायचं कसं? मी केली म्हटलं तर का केली ते सांगावं लागेल. गप्प बसलं तर भुई चिमीची, घर चिमीचं, जन्मभरासाठी. डोळ्यांदेखत आपलं जाताना बघायचं आणि वरण वाढत राहायचं. तिच्या हातातलं पळीभर वरण एका बाईच्या भातावर पडायचं ते पातळावर पडलं.

तेवढ्यात चिमाबाईचा आवाज आला. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती.

"मला कुटली येतीया. म्या दोनदा केली ती दोनदा फुटली. आमच्या आक्कांनी मेंढरं घालून तुडवून घेतली. त्यांनाच ठावं असलं."

सगळ्या माना केराबाईकडं वळल्या. दगडाबाई म्हणाली की मग पावसाआधी आमच्या गोठ्यात पण मेंढरं घाला की हो केराबाई. दुसरी म्हणाली आमच्यात पण. केराबाईच्या भुईसारखीच पाहिजे बघा. केराबाईची भुई, केराबाईची भुई, एका पंगतीत तो शब्द सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

जे आयुष्यभर पाहिजे होतं ते मिळालं, आणि मिळालं कुणाच्या हातून? बायका गेल्या, ढोल गावाकडं गेले, तेव्हा दोघी मागं खरकटी भांडी घासत बसल्या होत्या. केराबाईनं परात आपटली आणि विचारलं, तुला खरंच वाटतं व्हय गं, म्या भुईसाठी मेंढरं आत घातली?

चिमाबाई राख लावत होती. तिनं वर बघितलं नाही.

"कडी आतनं होती, आक्का. मेंढराला कडी काढता येत न्हाय."

मग केराबाईनं विचारलं की ठावं होतं तर चारचौघींत माझं नाव का घेतलंस? थोरपणा दाखवायला?

आता मात्र चिमाबाईनं मान वर केली, आणि तिच्या तोंडावर थोरपणा बिरपणा काही नव्हता. ती चांगलीच तापली होती. म्हणाली, थोरपणा कसला, पाटलीणबाईसमोर आपल्या घराचं हसं व्हायला नको होतं म्हणून बोलले. तुमचा राग मला येत न्हाय असं समजू नका. तुमी मेंढरं घेऊन गेलात त्या दिवशी मी ह्याच दारात बसून रडले होते. तुमी नद्या वलांडल्या, घाटातलं पाणी प्यालात, रोज नवं गाव बघितलंत, आणि मी हितं एकलीच घुशी मारत बसले. माहेरात पोरगी होते तवापासनं मला घोडीमागं चालायची सवय. ह्या भिंतीत जीव घुसमटतो माझा. तुमी परत आलात, अंगाला डोंगराचा वास घेऊन आलात, आणि चुलीला नावं ठेवलीत.

तिनं कढई उपडी घातली आणि शेवटचं सांगितलं.

"मला तुमचं घर नको होतं, आक्का. मला तुमची वाट पाहिजे होती."

केराबाईच्या आता ध्यानात आलं. आपण घाटात चालता चालता मनानं इथं वावरत होतो, आणि ही इथं लिंपता लिंपता मनानं तिथं घोडीमागं चालत होती! आणि दोघींनी एकमेकींना काय काय ठरवलं! तिला हसू आलं, पण ते तिनं दाखवलं नाही. सवय जात नाही माणसाची. तेवढ्यात पोरगी रडली, तिला घ्यायला चिमाबाई उठली, आणि उरलेली भांडी केराबाईनं एकटीनं घासली.

दिवाळी आली तेव्हा केराबाईनंच विषय काढला. या साली धाकटी जाईल मेंढरांबरोबर, धुळा जाईल, मी हितं राहते, घराला माणूस पाहिजे. ज्ञानबा म्हणाला की वाट धुळाला एकट्याला झेपायची न्हाय, मला जावं लागंल. म्हणजे मेंढरं, दोघं भाऊ आणि चिमाबाई वाटेला, आणि घर एकट्या केराबाईचं. आणखी काय पाहिजे होतं? काजळी तेवढी खुरानं लंगडत होती, तिला घाट झेपला नसता, म्हणून तिला मागं ठेवली.

सकाळी मेंढरं निघाली. केराबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यावर उभी राहिली. चिमाबाईनं पोरीला घोडीवर बांधलं, कासोटा घट्ट केला आणि घोडीचं दावं हातात घेतलं. आणि चालू लागली, मान ताठ करून, मागं न बघता. केराबाईनं त्या घोडीला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. घोडीसुद्धा मागं वळली नाही. घंट्यांचा आवाज वैरागच्या वाटेनं लांब गेला, धुरळा उडाला, त्या धुरळ्यात पुढं चालणारं चिमाबाईचं हिरवं लुगडं जरा वेळ दिसलं, आणि केराबाईच्या मनात तेच जुनं, ओळखीचं जळायला लागलं. माझी घोडी! माझी वाट! कशी ठुमकत निघाली बघा, जणू हिच्या बापाचा घाट!

ती तरातरा आत आली. चूल पेटलेली होती, चौकोनी उजेड चुलीपुढं पडला होता, सगळं जिथल्या तिथं होतं. सोपा एवढा मोठा आहे हे तिला आजच कळलं. भुईवर पाऊल वाजत होतं आणि दुसरं कुठलंच काही वाजत नव्हतं. ती अंगणात गेली, लंगड्या काजळीला दाव्याला धरून तिनं उंबऱ्याच्या आत आणलं आणि सोप्याच्या खांबाला बांधलं.

मेंढीनं ओळखीची भुई हुंगली आणि ती खाली बसली. केराबाईही तिच्या पाठीला पाठ लावून बसली, आणि आत्तापर्यंत ते पहिल्या ओढ्यापाशी पोचले असतील, असं मेंढीला सांगायला लागली.